बाटलीतले कूलंट जाते कुठे?

जुन्या गाड्यांविषयी या वेळी आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे इंजिन तापण्याबद्दलची आहेत. पहिल्या पत्रातली अडचण अनेकांच्या ओळखीची असल्यामुळे तिला अधिक जागा दिली आहे. इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाला, म्हणजे कूलंटला, आपण सवयीने पाणीच म्हणतो, आणि पुढील उत्तरांतही मी बहुतेक ठिकाणी तोच शब्द वापरला आहे.

प्रश्न : माझ्याकडे २००४ सालची मारुती ८०० आहे. गाडी पहिल्यापासून माझ्याकडेच असून ती एक लाख दहा हजार किलोमीटर चालली आहे. गेल्या पावसाळ्यानंतर कूलंटच्या बाटलीतली पातळी पंधरा दिवसांत वरच्या खुणेवरून खालच्या खुणेच्याही खाली जाऊ लागली. गाडीखाली एक थेंबही सांडलेला दिसत नाही. चिपळूणच्या बाजारात अर्धा तास रखडलो तरी काटा मध्यावर राहतो. मात्र कराडला जाताना कुंभार्ली घाट चढू लागलो, की निम्म्या घाटात काटा लाल रेघेकडे सरकतो आणि बाटलीतून पाणी उसळून बाहेर येते. गॅरेजमध्ये आधी रेडिएटर धुतला, नंतर थर्मोस्टॅट वॉल्व (पाणी ठरावीक तापमानाला पोचल्यावर रेडिएटरची वाट उघडणारी झडप) काढून टाकला आणि शेवटी पंखा डायरेक्ट केला, म्हणजे स्विच वगळून सतत चालू राहील असा जोडला, पण फरक पडला नाही. आता हेड (इंजिनचा वरचा भाग) उतरवून त्याखालची गॅस्केट (पाणी आणि वायू अडवणारी सीलची पट्टी) बदलावी लागेल असे सांगतात. हा खर्च करावा, की गाडी विकून टाकावी?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : आपली गाडी बाजारात तापत नाही आणि घाटात तापते, ही नोंद आपण केली नसती, तर इतक्या दुरून उत्तर देणे मला अवघड गेले असते. रखडत्या वाहतुकीत समोरून वारा येत नाही, त्यामुळे रेडिएटर थंड ठेवण्याचा सगळा भार विजेच्या पंख्यावर असतो. तेथे काटा स्थिर राहत होता, याचाच अर्थ पंखा आणि त्याला चालू करणारा स्विच ठीक होते. पंखा डायरेक्ट करून काही साधले नाही यात नवल नाही. ती जोडणी आता पूर्ववत करून घ्यावी. घाटातली गोष्ट वेगळी असते. समुद्रसपाटीलगतच्या चिपळूणहून सहाशे मीटरच्या आसपास चढताना लहान इंजिन खालच्या गिअरमध्ये सतत जोर लावत असते, आणि त्यातून निघणारी उष्णता वाहून नेण्यासाठी पाणी पुरेसे असावे लागते, ते नीट फिरावे लागते आणि त्यावर योग्य दाबही असावा लागतो. यांपैकी पाणी कमी होते आहे हे तर आपल्याला रोज दिसतेच आहे. म्हणून गाडी का तापते हा प्रश्न थोडा बाजूला ठेवून, पाणी कुठे जाते हा प्रश्न आधी सोडवावा. गॅरेजमध्ये आजवर झालेली तिन्ही कामे पहिल्या प्रश्नासाठी होती. दुसऱ्याची चौकशी कोणी केलेली दिसत नाही.

सुरुवात मोजण्यापासून करावी. बाटलीवर कागदी चिकटपट्टी उभी लावून, गाडी रात्रभर सपाट जागी उभी राहिल्यानंतर सकाळी इंजिन चालू करण्यापूर्वी पातळीची खूण करावी आणि शेजारी किलोमीटरचा आकडा लिहावा. गरम इंजिनावर पाहिलेली पातळी फसवी असते, कारण तीस अंशांचे पाणी नव्वद अंशांपर्यंत तापले की त्याचे आकारमान सुमारे तीन टक्क्यांनी वाढते. व्यवस्थेत चार लिटर पाणी धरले, तर सव्वाशे मिलिलिटरच्या आसपास पाणी प्रसरण पावून बाटलीत येते आणि इंजिन थंड झाले की परत रेडिएटरमध्ये ओढले जाते. त्याच वेळी, इंजिन पूर्ण थंड असतानाच, रेडिएटरचे झाकण उघडून आतही पाहावे. रेडिएटर तोंडापर्यंत भरलेला आणि बाटली रिकामी, की बाटली भरलेली आणि रेडिएटर उणा, या दोन स्थितींचे अर्थ अगदी भिन्न आहेत. दुसरी स्थिती आढळली, तर पाणी बाहेर जाते आहे पण परत येत नाही, असे समजावे. आणि मग संशय प्रथम झाकणावर, तसेच झाकणाच्या मानेपासून बाटलीपर्यंत जाणाऱ्या बारीक रबरी नळीवर घ्यावा. ही नळी वीस वर्षांत कडक होऊन तडकते. तडकलेल्या नळीतून गरम पाणी बाटलीत जाऊ शकते, परंतु थंड होताना पाण्याऐवजी हवा आत ओढली जाते, आणि गाडीखाली एक थेंबही न पडता रेडिएटर दर खेपेस थोडा थोडा रिता होत जातो.

रेडिएटरच्या झाकणाला आपल्याकडे जितके कमी लेखले जाते तितके इंजिनच्या दुसऱ्या कोणत्याही भागाला नसेल. त्याच्या माथ्यावर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो. आतली स्प्रिंग पाण्यावर किती दाब धरून ठेवते ते तो सांगतो. वातावरणाच्या दाबापेक्षा ०.९ बार अधिक दाब असेल, तर साधे पाणीसुद्धा शंभराऐवजी सुमारे ११८ अंशांना उकळते, आणि निम्मे ग्लायकॉल (कूलंटमधले मुख्य रसायन) असलेले कूलंट त्याहूनही पुढे टिकते. झाकणाचे रबर चिरलेले किंवा स्प्रिंग ढिली झालेली असेल, तर ही सगळी सवलत नाहीशी होते. उलट उंचीवर हवेचा दाब कमी असल्यामुळे घाटमाथ्यावर साधे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळू लागते. इंजिनच्या हेडमध्ये एक्झॉस्ट वॉल्वजवळची जागा इतर भागापेक्षा नेहमीच जास्त तापलेली असते, त्यामुळे चढावर तेथे वाफ धरायला वेळ लागत नाही. सपाटीवर निर्धास्त, चढावर काटा वर आणि बाटलीतून उसळणारे पाणी, हे आपण लिहिलेले लक्षण निव्वळ निकामी झाकणानेही तंतोतंत घडू शकते. हेड उतरवण्याच्या खर्चापुढे झाकणाची किंमत नगण्य आहे. आपल्या गाडीसाठी ठरवून दिलेल्या दाबाचेच नवे झाकण घ्यावे; जास्त आकड्याचे झाकण लावून अधिक फायदा होत नाही, जुन्या होज पाइपांवर ताण मात्र येतो.

यानंतर गॅरेजमध्ये प्रेशर टेस्ट करून घ्यावी, आणि ती करून मिळत नसेल तर गॅरेज बदलावे, इतके तिचे महत्त्व आहे. थंड इंजिनावर रेडिएटरच्या तोंडाला हातपंप जोडून झाकणावरच्या आकड्याइतका दाब भरायचा आणि पंधरा मिनिटे तसाच ठेवायचा. काटा जागचा हलला नाही, तर बाहेर गळती नाही असे बव्हंशी म्हणता येते. काटा उतरू लागला, तर टॉर्च घेऊन गळती शोधायची. गाडीखाली डाग नाही याचा अर्थ गळती नाही असा नव्हे, कारण गरम ब्लॉकवर किंवा सायलेन्सरच्या तोंडाशी पडलेला थेंब जमिनीपर्यंत पोचण्याआधीच आटतो आणि मागे केवळ पांढरा किंवा हिरवट क्षार राहतो. असा क्षार होज पाइपांच्या क्लिपांखाली आणि रेडिएटरच्या टाकीच्या शिवणीवर सापडतो. पाण्याच्या पंपाखाली, म्हणजे गॅरेजच्या भाषेत वॉटर बॉडीच्या खाली, मुद्दाम ठेवलेले एक बारीक छिद्र असते, त्याच्या तोंडाशीही तो पाहावा. पंपाचे सील गेले की पाणी आधी तेथूनच येते. इंजिनच्या अंगावर वाटीसारख्या पत्र्याच्या चकत्या ठोकून बसवलेल्या असतात, त्यांना वेल्च प्लग म्हणतात. त्या गंजून झिरपू लागल्या, तर मागच्या बाजूची चकती आरशाशिवाय दिसत नाही. हीटर असलेल्या गाडीत डॅशबोर्डखालचा गालिचाही हाताने चाचपावा. तो ओला आणि किंचित चिकट लागला, गाडीत गोडसर वास येत असला किंवा काच आतून पुन्हा पुन्हा धुरकट होत असली, तर हीटरची जाळी गळते आहे. कोकणात चार महिने सगळेच ओले असते, त्यामुळे आपल्याकडे गळती पावसाळ्यात सुरू होऊन लक्षात मात्र नंतर आली असण्याचा संभव आहे.

आता गॅस्केटविषयी. बाहेर गळती नाही, झाकण नवे आहे, आणि तरीही पाणी कमी होते, असे ठरल्यावरच या शंकेकडे वळावे. घरच्या घरी पाहता येण्याजोगे एक चांगले चिन्ह असे, की घाटातून आल्यावर रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीचा वरचा होज पाइप सकाळी दाबून पाहावा. थंड इंजिनात दाब उरण्याचे कारण नाही. तो पाइप तरीही फुगलेला, टणक लागला, तर सिलिंडरमधला वायू पाण्यात शिरतो आहे असे समजण्यास सबळ आधार मिळतो. दुसरी परीक्षा म्हणजे थंड इंजिनावर झाकण काढून ठेवून गाडी सुरू करणे. सुरुवातीला काही बुडबुडे येतात ते अडकलेल्या हवेचे असतात, परंतु दोन-तीन मिनिटांनंतरही बुडबुडे एका लयीत येत राहिले आणि ॲक्सिलरेटर दाबल्यावर वाढले, तर ती हवा नव्हे. पाणी तापू लागण्यापूर्वी ही पाहणी संपवावी. निर्णायक परीक्षा रसायनाची आहे. रेडिएटरच्या तोंडाशी जमणारी हवा निळ्या द्रवातून ओढली जाते आणि तीत ज्वलनातला कार्बन डायऑक्साइड असेल, तर द्रव पिवळा पडतो. तीन स्पार्क प्लग काढून शेजारी शेजारी ठेवले आणि त्यांतील एकच वाफेने धुतल्यासारखा स्वच्छ निघाला, तर पाणी कोणत्या सिलिंडरमध्ये जाते तेही कळते. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ थर दिसला म्हणून मात्र लगेच घाबरू नये. दमट हवेत रोज दोन-तीन किलोमीटरच चालणाऱ्या गाडीत असा थर नुसत्या बाष्पानेही साचतो. डिपस्टिकवरचे ऑइलच दुधाळ झाले असेल, तर गाडी चालवणे तत्काळ थांबवावे.

काढून टाकलेला थर्मोस्टॅट या सगळ्याच्या आधी परत बसवून घ्यावा. आपल्याकडची हवा उष्ण आहे, त्यामुळे तो नसला तरी चालतो, ही समजूत गॅरेजांत फार खोल रुजलेली आहे. वॉल्व नसला की पाणी इतक्या वेगाने फिरते की त्याला थंड व्हायला वेळच मिळत नाही, असे उलट बाजूचे स्पष्टीकरणही ऐकू येते. तेही खरे नाही. खरी अडचण अशी, की काही इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना रेडिएटरला वळसा घालणारी वाट बंद करतो, आणि तो काढला की त्या वाटेने काही पाणी थंड न होताच फिरत राहते. ज्या इंजिनांत तशी रचना नसते, तेथे इंजिन आवश्यक तापमानाला पोचायलाच उशीर लागतो, पेट्रोल जास्त जाते आणि ऑइलमधले बाष्प उडून जात नाही. नवा वॉल्व बसवण्याआधी तो दोऱ्याला बांधून पाण्याच्या पातेल्यात सोडावा आणि पाणी तापवत न्यावे. त्यावर ८२ लिहिले असेल, तर त्या सुमारास तो उघडू लागला पाहिजे.

गॅस्केटच गेली आहे असे सिद्ध झाले, तर काम पुरते करून घ्यावे. आपल्या गाडीचे हेड ॲल्युमिनियमचे आहे, आणि ॲल्युमिनियम तापल्यावर ओतीव लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. म्हणून अशा हेडला तापणे लवकर बाधते आणि ते वाकते. हेड उतरवल्यावर सरळ पट्टी आणि फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्या) लावून त्याचा सपाटपणा मोजलाच पाहिजे. लहान इंजिनांत साधारणतः ०.०५ मिलिमीटरपेक्षा अधिक फरक चालत नाही, आणि तो असेल तर हेड मशीन शॉपमध्ये फेसिंगला, म्हणजे घासून सपाट करायला, द्यावे लागते. तेथेच तडा आहे का तेही पाण्याखाली हवेचा दाब देऊन पाहून घ्यावे. हे न करता केवळ नवी गॅस्केट बसवली, तर काही महिन्यांत आपण मला हेच पत्र पुन्हा लिहाल. बोल्ट टॉर्क रेंचने (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने), ठरलेल्या क्रमानेच आवळले जात आहेत ना, हे उभे राहून पाहण्यात संकोच मानू नये.

विकण्याबद्दल माझे मत विचारले आहे म्हणून सांगतो. इंजिनचा आवाज ठीक असेल, ऑइल जळत नसेल आणि पत्रा शाबूत असेल, तर गॅस्केटसाठी ही गाडी विकू नये. पत्रा खालून गंजला असेल, तर मात्र हेडवर खर्च करण्याआधी दोनदा विचार करावा. कोकणातल्या जुन्या गाड्या इंजिनाआधी गंजाने संपतात असे मी अनेकदा पाहिले आहे. तूर्त झाकण, नळी आणि प्रेशर टेस्ट एवढे होईपर्यंत कुंभार्ली घाट टाळावा.

प्रश्न : पुण्याहून साताऱ्याकडे जाताना खंबाटकी घाटात माझ्या जुन्या गाडीचा काटा लाल रेघेला टेकला. मी गाडी बाजूला घेण्याच्या विचारात होतो, तेवढ्यात तो आपोआप खाली आला, म्हणून तशीच पुढे नेली. पुढे दहा किलोमीटरवर इंजिन बंद पडले. काटा खाली असताना असे कसे झाले?
— एक वाचक, पुणे

उत्तर : काटा खाली आला तेव्हा इंजिन थंड झाले नव्हते, तापमान मोजणाऱ्या सेन्सरभोवतालचे पाणी संपले होते. हा सेन्सर पाण्यात बुडालेला असताना खरे तापमान सांगतो. पाणी उकळून निघून गेले आणि तो कोरडा पडला, की त्याला धातूचे तापमान नीट कळत नाही आणि काटा दिलासा देणाऱ्या जागी येऊन बसतो. चढ संपलेला नसताना, वेग कमी केलेला नसताना लाल रेघेवरचा काटा अचानक पडला, तर ती धोक्याची अधिक मोठी खूण समजावी. हीटर चालू केल्यावर गरम हवेऐवजी थंड हवा येऊ लागणे, हीदेखील पाणी संपल्याचीच खूण आहे.

काटा नुकताच चढू लागला असेल आणि वाफ दिसत नसेल, तर एसी बंद करावा, हीटर पूर्ण उष्णतेवर आणि पंखा पूर्ण वेगावर ठेवावा. हीटरची जाळी म्हणजे एक छोटा रेडिएटरच असतो. उन्हाळ्यात हे सोसणे कठीण जाते, पण इंजिन वाचते. सुरक्षित जागी थांबून, काटा उतरतो आहे असे दिसले तर इंजिन काही वेळ मोकळे चालू द्यावे. वाफ येऊ लागली असेल किंवा काटा लाल रेघेवरच असेल, तर इंजिन लगेच बंद करावे आणि बॉनेट उघडून किमान अर्धा-पाऊण तास काहीही करू नये. दाबाखालचे पाणी झाकण सैल करताच एकदम वाफ होऊन उसळते, आणि घाटात चेहरा व हात भाजण्याचे प्रकार बहुधा असेच घडतात. तापलेल्या हेडवर बाटलीतले गार पाणी ओतण्याचा मोहही आवरावा. आपल्या गाडीचे इंजिन कोरडे चालले असल्यामुळे ते पुन्हा सुरू झाले तरी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, तपासल्याशिवाय लांबच्या प्रवासाला नेऊ नये.

प्रश्न : बोअरवेलचे पाणी रेडिएटरमध्ये घातले तर काय बिघडते? आमच्याकडे दुसरे पाणी सहज मिळत नाही. शिवाय हिरवे, लाल आणि निळे यांतले कोणते कूलंट चांगले?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : बोअरवेलच्या कठीण पाण्यातले क्षार तापल्यावर खाली बसतात. आपल्या स्वयंपाकघरातल्या पाणी तापवण्याच्या भांड्याला जे पांढरे कीट धरते, तेच रेडिएटरच्या बारीक नळ्यांत आणि हेडच्या आतल्या पोकळ्यांत धरते, आणि हा थर उष्णता अडवतो. पाणी पुरेपूर भरलेले असूनही गाडी तापते अशी तक्रार करणाऱ्या जुन्या गाड्यांत रेडिएटरच्या मधल्या पट्ट्यात हात लावल्यास काही जागा गार लागतात, त्या बुजलेल्या नळ्या असतात. हात लावण्याआधी इंजिन बंद करावे आणि पंख्याची तार काढून ठेवावी, कारण इंजिन बंद असतानाही पंखा अचानक सुरू होऊ शकतो. रस्त्यात अडचण आली तर मिळेल ते पाणी घालावे, त्याने एका दिवसात काही बिघडत नाही. नंतर ते काढून टाकावे. एरवी बॅटरीसाठी मिळणारे डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट निम्मे निम्मे घालावे, किंवा तयार मिसळलेले कूलंट आणावे. आपल्याकडे बर्फ पडत नाही म्हणून कूलंट नको, असे म्हणणारे भेटतात. परंतु उत्कलनबिंदू वाढवणे आणि ॲल्युमिनियमला गंजण्यापासून जपणे ही दोन कामे सोलापुरातही तितकीच लागू आहेत.

रंगावरून प्रत ठरत नाही. रंग कंपनी आपल्या सोयीने घालते. गाडीच्या पुस्तिकेत जो प्रकार सांगितला असेल तो घ्यावा आणि दोन भिन्न प्रकार एकमेकांत मिसळू नयेत. कूलंटमधले गंजरोधक घटक कालांतराने संपतात, म्हणून ते साधे हिरवे असेल, तर साधारण दोन वर्षांनी पूर्ण बदलावे. काढलेले कूलंट अंगणात ओतू नये. त्यातले इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी असते, आणि कुत्री-मांजरे ते चाटतात.

प्रश्न : रेडिएटरला बारीक छिद्र पडल्यास हळद टाकावी असे जुने ड्रायव्हर सांगतात. हे खरे आहे का?
— एक वाचिका, नांदेड

उत्तर : खरे आहे, आणि त्याचीच भीती आहे. हळदीची पूड पाण्याबरोबर फिरत छिद्रापाशी साचते आणि काही काळ ते बुजवते. पण ज्या गुणाने ती छिद्र बुजवते, त्याच गुणाने हीटरच्या आणि रेडिएटरच्या बारीक नळ्याही बुजवते. बाजारात मिळणाऱ्या गळती थांबवणाऱ्या पुड्यांबद्दलही माझे मत फारसे वेगळे नाही. रात्री आडरानात अडकलात तर चमचाभर हळद टाकून घर गाठावे आणि दुसऱ्याच दिवशी रेडिएटर काढून धुऊन घ्यावा. जुना तांब्या-पितळेचा रेडिएटर झाळून मिळतो. प्लास्टिकच्या टाकीचा ॲल्युमिनियम रेडिएटर शिवणीत फुटला असेल, तर नवाच घेणे शेवटी स्वस्त पडते.

प्रश्न : थंडीत सकाळी गाडी सुरू केली की सायलेन्सरमधून पांढरी वाफ आणि पाण्याचे थेंब येतात. हेड गॅस्केट गेली असेल का?
— एक वाचक, निफाड

उत्तर : बहुधा नाही. पेट्रोलमधला हायड्रोजन जळून पाणीच तयार होते. एक लिटर पेट्रोल जळले, की सुमारे ०.९ लिटर पाणी वाफेच्या रूपाने बाहेर पडते. निफाडच्या थंडीत गार सायलेन्सरमध्ये त्या वाफेचे थेंब होतात, आणि गाडी पाच-दहा मिनिटे चालून सायलेन्सर तापला की ते थांबतात. त्यानंतरही दाट पांढरा धूर येत राहिला, त्याला गोडसर वास असला आणि बाटलीतली पातळी उतरत असली, तरच चिपळूणच्या वाचकांना सांगितलेल्या परीक्षा आपणही करून घ्याव्यात. तोपर्यंत आठवड्यातून एकदा, सकाळी, इंजिन सुरू करण्यापूर्वी बाटली पाहिली तरी पुरे.